मुरुमच्या जिनिंगची हजेरी

तारामती शिकत होती ती शाळा बहुउद्देशीय होती. तसा फलकच सरकारनं लावून दिला होता. उद्देश नक्की कोणते हे हेडमास्तरांनाही धड सांगता आलं नसतं. पण वाणिज्य शाखा निघाली, टंकलेखनाची दोन जुनी यंत्रं आली, आणि मुलांनी पुस्तकातल्या हिशेबांबरोबर जगातले हिशेबही बघावेत, असा वरून कागद आला. वरून कागद आला की खाली धावपळ होतेच. मास्तरांनी दिवाळीच्या सुटीआधी एकेका मुलाला कुठं ना कुठं चिकटवून दिलं. कुणी आडत दुकानात, कुणी सोसायटीत, कुणी सरकी-पेंडीच्या वखारीत. तारामती वर्गातली एकटीच मुलगी. तिला बाजारात बसवणं बरं दिसेना, म्हणून तिची रवानगी विष्णुपंत तेरकरांच्या कचेरीत झाली.

विष्णुपंत हिशेबतपासणीस होते. निजामाच्या अमदानीत हैदराबादेला शिकून आलेले, नाकासमोर चालणारे गृहस्थ. उस्मानाबादेत, म्हणजे लोकांच्या तोंडच्या धाराशिवात, कुणाच्या हिशेबावर त्यांची सही पडली की तो हिशेब गंगेत न्हाला असं लोक मानायचे, आणि खरं सांगायचं तर ते स्वतःही तसंच मानायचे. कचेरी म्हणजे राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. एकीत पंत, दुसरीत त्यांचे कारकून भाऊ धारूरकर. भाऊंची उमर निजामाच्या तहसिलीत गेली होती. उर्दू, मोडी, बाळबोध, सगळं त्यांना येत होतं, फक्त धीर येत नव्हता.

तारामतीचे वडील बिभीषण जिल्हा परिषदेत शिपाई. मूळचे तामलवाडीकडचे, घरात मेंढरं. बिभीषणनं मेंढरं भावाला दिली, खाकी कपडे चढवले आणि पोरीला शाळेत घातलं. शाळेत घातलं म्हणून लग्न थोडंच टळतं. सातवी झाली आणि तारामतीच्या गळ्यात काळी पोत आली. नवरा तामलवाडीचाच, वाघमोड्यांचा. शाळेच्या दाखल्यावर मात्र तिचं नाव होतं तसंच राहिलं, तारामती बिभीषण देवकते. ते बदलायला कुणी गेलं नाही.

नवरा मेंढरांमागं गेला नव्हता. मुरुमला रेवणप्पा शेठची कापसाची जिनिंग होती, तिथं काट्यावर पोती चढवायला-उतरवायला तो लागला होता. त्या नोकरीवर तारामतीची शाळा उभी होती. सासू हरणाबाई मोठी फटकळ बाई. सून नांदायला येत नाही म्हणून ती धाराशिवला भांडायला आली, तेव्हा बिभीषणनं तिच्यापुढं हात जोडले.

"मॅट्रिक होस्तवर ऱ्हाऊ द्या, इहीणबाई. जावयाची नोकरी पक्की झाली की म्या सोता पोरीला मुरुमला आणून घालतो."

"शिकून मेंढरांस्नी पाढं शिकवायचं हाय व्हय?" हरणाबाई म्हणाली. "बरं, ऱ्हाऊ द्या. पर नोकरी पक्की झाली तर. न्हाय झाली तर पोरगा बी मेंढरामागं, सून बी मेंढरामागं. मंग पेन्शील-कागद काय चालायचं न्हाय, आताच सांगून ठेवते."

तो करार स्टँपावर झाला नाही, पण हरणाबाईच्या तोंडाला स्टँपाची गरज नव्हती. तारामतीनं तो दाराआडून ऐकला होता आणि पाठ करून ठेवला होता. नवऱ्याला मुरुमला खोली मिळेल, आपण मॅट्रिक होऊ, मास्तरीण होण्याचा कोर्स करू, असं तिचं सगळं गणित त्या एका नोकरीवर मांडलेलं होतं.

आणि त्या साली ती नोकरी पक्की व्हायची वेळ आली होती. रेवणप्पा शेठची जिनिंग सहकारी संस्था विकत घेणार होती, दिवाळीच्या पाडव्याला ताबा. ज्या माणसांची सलग तीन वर्षं हजेरी असेल त्यांनाच संस्था कायम करणार, बाकीच्यांना नारळ. शेठनं आपल्या माणसांची यादी करून दिली होती. पण शेठ लोकांच्या यादीवर कोण विश्वास ठेवतो. ती यादी हजेरीशी ताडून बघायचं काम सरकारी खात्यानं दिलं विष्णुपंत तेरकरांना.

तारामतीला हे आधी ठाऊक नव्हतं. तिचे पहिले दिवस भाऊंची बोलणी खाण्यात गेले. बेरीज नीट यायची, पण ती बोटांवर मोजते हे भाऊंना खपायचं नाही. मग एका सकाळी मुरुमहून लाल कापडात बांधलेले हजेऱ्यांचे रुमाल आले. भाऊंनी गाठ सोडली, वरच्या बुकावर 'रेवणप्पा जिनिंग' ही अक्षरं दिसली, आणि तारामती हातातलं काम टाकून ती बघत राहिली.

त्याच वेळी तिनं सांगून टाकायला हवं होतं. माझी माणसं तिथं कामाला आहेत, एवढंच. पण तिला वाटलं, सांगितलं तर आपल्याला या कामाला हात लावू देणार नाहीत. शिवाय पंतांनी पहिल्या दिवशी "यजमान काय करतात?" म्हणून विचारलं होतं तेव्हा ती "कामाला असतात" एवढंच बोलून खाली बघत उभी राहिली होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड माणसाला काही मोठेपणीच लागते असं नाही.

"हे बघ पोरी," भाऊ म्हणाले, "आपल्याकडं याला पुकारा म्हणतात. हजेरी तुझ्यापुढं, यादी माझ्यापुढं. तू नाव पुकारायचं, मी यादीत ते शोधून तांबडी खूण करायची. मधेच शंका, मधेच 'भाऊ, हे काय लिहिलंय', असलं चालणार नाही. डोळा हलला की ओळ हलते. विचारायचं ते शेवटी. आवाज मोठा ठेव, माझं तुझ्याकडं लक्ष नसणार."

आणि खरंच नसायचं. भाऊ यादीत तोंड घालून बसायचे, हातात तांबडी पेन्सिल. नाव सापडलं की खूण करायची आणि "हं" म्हणायचं. तो "हं" कधी लगेच यायचा, कधी नाव खाली असलं तर उशिरा.

तारामती वाचू लागली. "रामलिंग सायबण्णा स्वामी."

"हं."

"हुसेन चाँद पटेल."

पुढची ओळ तिच्या डोळ्यांपुढं आली. बिरू सिदराम वाघमोडे. नवऱ्याचं नाव आणि त्याला लागून सासऱ्याचं. तारामतीची जीभ टाळ्याला चिकटली.

आता यात तिचं काय चुकलं ते कुणी मला सांगावं. तिच्या घरात कुठल्याच बाईनं कधी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. नाव घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, हे तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. मतदारयादीवाला कारकून दारात आला होता तेव्हा तिच्या आईनं, गजराबाईनं, शेजारच्या पोराला हाक मारून त्याच्याकडून बिभीषणचं नाव सांगवलं होतं. आणि घरात तर सांगायचीही गरज नसायची. गजराबाई बोलता बोलता थांबली, दाराच्या चौकटीवर बोट वाजवलं, की ते कुणाविषयी ते पोरासोरांनाही कळायचं. त्या घरात गप्प राहिलं की नाव घेतल्यासारखंच होतं. तारामतीनं व्यापारी जमाखर्च शिकला, चक्रवाढ व्याज शिकलं, पण सगळ्या जगाची घरं आपल्या घरासारखी नसतात हे तिला कुठल्या इयत्तेत शिकवलं नव्हतं.

तिनं पेन्सिलीचं टोक त्या नावावर ठेवून दोनदा वाजवलं.

"हं," भाऊ म्हणाले.

तो "हं" हुसेन चाँद पटेलचा होता. पटेलांचं नाव यादीत पार खाली होतं, शोधायला वेळ लागला. तारामतीला मात्र वाटलं, भाऊंना कळलं. म्हातारा माणूस, घरात बायका-मुली असणार, त्यांना काय सांगायचं? तिला हायसं वाटलं आणि भाऊंविषयी एकदम माया वाटली. ती पुढचं नाव मोठ्यानं वाचू लागली.

तीन वर्षांच्या हजेऱ्या होत्या. प्रत्येक महिन्याच्या पानावर ते नाव यायचं आणि प्रत्येक वेळी ती पेन्सिल वाजवायची. कधी "हं" आधीच्या नावाचा असायचा, कधी पुढच्याचा; पुकाऱ्याला एकदा लय आली की कुणाचा "हं" कुणाला हे कोण बघतो. तिचे ते दिवस सुखात चालले होते. नवऱ्याला तिनं आजवर धड पाहिलंही नव्हतं, चार चौघांत मान खाली घालून जेवढं दिसेल तेवढंच. आता त्याच्या नावापुढची हजेरी ओळीनं तिच्यासमोर होती. भर उन्हाळ्यात हजर, पावसात हजर. एका श्रावणात मधेच खाडे होते. ते बघून ती लाजली, कारण त्या नागपंचमीला तो धाराशिवला आला होता आणि गजराबाईच्या हाती बांगड्या ठेवून उभ्या उभ्या परत गेला होता. माणूस कष्टाळू आहे, खाडे करणारा नाही, हे तिनं कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतः तपासून ठरवलं. पक्का होणार, यात तिला काडीची शंका उरली नाही.

काम संपलं त्या दुपारी भाऊ यादी घेऊन पंतांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"पंत, शेठनं घुसडलेली नावं सापडली. तीन आसामी. एकाही महिन्यात हजेरी नाही."

"मला वाटलंच होतं," पंत म्हणाले. "नातेवाईक असतील."

"दोन तर मेहुण्याच्या घरचीच. तिसरं मुद्दाम भलत्याच आडनावाचं घातलंय, म्हणजे आपल्याला संशय येऊ नये. पण मी काय आजचा आहे का?"

पंत हसले. "मुलीनं पुकारा चांगला केला म्हणायचा. तिला तसं लिहून देतो."

बाहेर तारामती रुमालाची गाठ मारत होती. खोटी माणसं पकडायच्या कामात आपलाही हात लागला म्हणून तिला अभिमान वाटला. घरी जाऊन तिनं गजराबाईला सांगितलंही, की तीन चोर धरले. गजराबाईनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

पंतांनी शाळेसाठी दाखला लिहून दिला. वाचन स्पष्ट, अक्षर वळणदार, वर्तणूक मर्यादशील. मास्तरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि टवाळ मुलंही त्या दिवशी गप्प बसली.

पाडव्याला जिनिंग संस्थेच्या ताब्यात गेली. भाऊबीज झाली, शाळा सुरू झाली, आणि एका संध्याकाळी बिरू वळकटी खांद्यावर घेऊन सासऱ्याच्या दारात उभा राहिला.

"रजा टाकली का, पाव्हणं?" बिभीषणनं विचारलं.

"रजा कशाची, मामा. काढलं मला."

गजराबाईनं पाण्याचा तांब्या आणला होता, तो तिच्या हातातच राहिला. बिरू उंबऱ्याच्या आत बसला.

"खोटं नाव म्हणं माजं. शेठनं घुसडलेलं. म्या तितं कवा कामालाच नव्हतो म्हणत्यात. मंग तीन वरीस पोती वढली ती कुणी, मामा? भुतानं? शेठकडं ग्येलो तर त्यो चिडलेला, त्याची बी माणसं उडाली. म्हणला, माज्या दारात उभा ऱ्हाऊ नकूस."

"आन् हे ठरिवलं कुणी?"

"हितल्याच कुन्या तेरकराच्या कचेरीनं. त्यांनी हजेऱ्या तपासल्या म्हणं."

चुलीपुढं तारामती भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानंच दारापर्यंत आली. नवऱ्यासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून ती बापाशी बोलली.

"आप्पा, नाव हाय. दर महिन्याला हाय. म्या माज्या डोळ्यानं बघितलंय, म्याच होते पुकाऱ्याला. भाऊंच्या हातनं कायतरी चूक झाली आसंल. हजेऱ्या अजून कचेरीतच हायत. सकाळी चला, म्या दाखवते."

बिरूनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही त्यानं इतकं थेट बघितलं नसेल. "बघा की," तो सासऱ्याला म्हणाला, "शिकल्याचा उपेग झाला." त्या रात्री बिभीषणच्या घरात सगळे पोटभर जेवले.

सकाळी तिघं कचेरीत गेले. तारामती पुढं, बाप मागं, त्याच्या मागं बिरू. पंतांनी ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि भाऊंना हाक मारली. भाऊ रुमाल सोडू लागले ते ठसक्यातच. माझी खूण चुकत नाही, असं ते दोनदा म्हणाले.

हजेरी उघडली. तारामतीनं बोट ठेवून ओळ दाखवली. भाऊंनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. दुसऱ्या महिन्याचं पान काढलं, तिसऱ्या महिन्याचं काढलं. नाव प्रत्येक पानावर होतं. मग त्यांनी आपली यादी काढून शेजारी ठेवली. वरच्या-खालच्या नावांपुढं तांबड्या खुणांची रांग होती आणि मधे त्या नावापुढं कोरा कागद.

"पुकारलं असतं तर खूण असती," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "पंत, हे नाव माझ्या कानावर आलेलंच नाही."

"पुकाऱ्याला कोण होतं?"

सगळ्यांनी तारामतीकडं बघितलं. ती म्हणाली, "मी दाखवलं होतं. दर वेळी पेन्सिल वाजवली. भाऊ हं म्हणाले."

"हं मी माझ्या खुणेला म्हणतो, पोरी."

"वाजवली म्हणजे काय?" पंतांना खरंच कळेना. "वाचलं का नाहीस? तुला तर अक्षर लागतं. हे नाव वाच बघू."

तारामती उभी राहिली. ओळ समोर होती, अक्षर स्वच्छ होतं. बाहेर पंतांच्या अंगणात कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा आवाज येत होता.

"तिला न्हाय म्हणता यायचं त्ये, साहेब," मागून बिरू म्हणाला. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. "ऱ्हाऊ द्या."

"का?"

"जावई हाय आमचा," बिभीषण म्हणाला.

पंत खुर्चीत मागं टेकले. त्यांच्याही घरात संसार झाला होता आणि लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांच्या बायकोनं त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिनं घ्यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. भाऊ पुटपुटले, "अगं, मग उखाण्यात तरी घ्यायचं होतंस." ते थट्टेनं म्हणाले की हळहळून, कुणास ठाऊक. कुणी हसलं नाही.

तारामतीला त्या क्षणी एकच दिसत होतं: या हजेऱ्या, ही यादी, आणि मधे आपलं तोंड. तोंड उघडलं तर अजून जुळेल. तिनं पदर कमरेला खोचला आणि शाळेत धडा वाचायची तशा आवाजात वाचलं.

"बिरू सिदराम वाघमोडे."

एवढं म्हणून ती थांबली नाही. तिनं पान उलटलं आणि पुढच्या महिन्यातलं वाचलं, त्याच्या पुढच्या महिन्यातलं वाचलं. "बिरू सिदराम वाघमोडे. बिरू सिदराम वाघमोडे." शब्द स्पष्ट होते, दाखल्यात लिहिल्यासारखे. बिभीषण दाराकडं तोंड करून उभा राहिला. बिरूची मान खाली गेली ती वर आलीच नाही. चार माणसांत बायकोनं नाव घेतलं, बापासकट घेतलं, तेही अनेकदा. भाऊंचा हात सवयीनं तांबड्या पेन्सिलीकडं गेला आणि मधेच थांबला.

"पुरे, मुली," पंत म्हणाले. "आता म्हणून काय उपयोग? यादी खात्याकडं गेली. माझ्या सहीनं गेली."

"पुन्हा पाठवा की, साहेब," बिभीषण म्हणाला. "चूक झाली म्हणावं."

पंतांनी पत्र लिहिलं. ते वाईट नव्हते. पण हिशेबतपासणीसानं 'आमची चूक' असे शब्द लिहायचे म्हणजे उद्या त्याच्या कुठल्याच सहीला कुणी विचारणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. म्हणून पत्रात 'सदर इसमाचे बाबतीत फेरविचार होण्यास हरकत नसावी' असं आलं. तारामतीनं ते उभ्या उभ्या वाचलं. चूक हा शब्द त्यात कुठंच नव्हता, आणि तसल्या पत्राला जे व्हायचं तेच झालं. काट्यावर संस्थेच्या चेअरमनच्या पुतण्याला आधीच बसवलं होतं. उत्तर आलं नाही.

हरणाबाई आली. या खेपेला ती भांडायला आली नव्हती, न्यायला आली होती. बिभीषणनं परत हात जोडले नाहीत. कुठल्या तोंडानं जोडणार? तारामतीनं पुस्तकं आईजवळ ठेवली आणि सासूमागं एसटीत बसली. मास्तरांनी हजेरीपटावर तिच्या नावापुढं महिनाभर गैरहजेरी मांडली, मग नाव कमी केलं.

तामलवाडीत मात्र गोष्ट वेगळी पोचली होती. बिरूनं आईला जे घडलं ते सांगितलं, पण सांगताना कचेरीतलं आधी आलं, कारण तेच त्याला जास्त लागलं होतं. हरणाबाईनं त्यातून आपल्याला हवं तेवढं उचललं. पाण्यावर, पारावर, बाजाराच्या वाटेवर ती सांगत सुटली, "शिकलेली सून! धा माणसांत नवऱ्याचं नाव घेतलं, सासऱ्याचं बी घेतलं. ग्येली का न्हाय लेकाची नोकरी?" नोकरी आधी गेली आणि नाव मागून घेतलं, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. गावाला आधी काय आणि मग काय, याचं सोयरसुतक नसतं. बायका तारामतीला बघून आपल्या सुनांना कोपरानं ढोसायच्या. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं तिच्या हाती आलं. नवऱ्याचं आयुष्य वाढावं म्हणून जे नाव तिनं तीन वर्षांच्या पानांवर गिळलं, ते नाव उच्चारल्याचाच डाग तिच्या कपाळी बसला.

ती सगळं सोसत होती ते एका आधारावर. एक माणूस तिथं होता. त्यानं कोरी यादी बघितली होती, पेन्सिलीचं ऐकलं होतं, सगळ्यांच्या आधी त्यालाच कळलं होतं. तो बोलत नव्हता, आईपुढं त्याचं काही चालत नव्हतं, पण त्याला माहीत होतं. जगात एकाला जरी खरं माहीत असलं तरी माणूस तग धरतो. तारामती तशी तग धरून होती.

थंडी सरता सरता मेंढरं तेरच्या बाजूला गेली. कुणाच्या तरी रानात ती खतासाठी बसवली होती. दुपारी हरणाबाई दळण आणायला गावात गेली आणि दोघं बाभळीखाली भाकरी खायला बसले. बिरूच्या खांद्यावर पोत्यांनी पडलेले घट्टे अजून होते. त्यानं कांदा फोडला, अर्धा तिला दिला आणि मेंढरांकडं बघत बोलला. आवाजात राग नव्हता.

"आई म्हणती त्येच खरं आसंल बघ."

"काय?"

"त्येच. तू नाव घेतलंस, त्येनं ग्येली नोकरी. न्हायतर यवडं समदं चांगलं चाललेलं यकदम कसं मोडंल?"

तारामतीनं त्याच्याकडं बघितलं. तो चेष्टा करत नव्हता, टोचतही नव्हता. रोज आईकडून ऐकून ऐकून त्याला ते पटलं होतं, आणि पटल्यावर त्याचा चेहरा हलका झाला होता. तिच्या मनाशी सगळं ओळीनं मांडून झालं: पाडवा आधी होता, कचेरी नंतर, मी नाव घेतलं म्हणून नव्हे, घेतलं नाही म्हणून. तिला ओरडून सांगावंसं वाटलं. तिचे ओठ हललेही.

मग तिला दिसलं, की हे ऐकून तो "बरं" म्हणेल आणि संध्याकाळी आई पुन्हा बोलेल.

"आसंल," ती म्हणाली, आणि हातातला कांदा तिनं भाकरीवर ठेवून दिला.